सोसायटीचा पंप ४.१ युनिट घेतो, सूत्राने मात्र १.४ च येतात. बाकीची ऊर्जा गेली कुठे?

कर्वेनगरची_आई

नमस्कार. मुलगा नववीत आहे, स्टेट बोर्ड. ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा शिकवून झालाय आणि बाईंनी प्रकल्प दिलाय: आसपासचं एक यंत्र निवडा, त्यात ऊर्जेचं रूपांतर कसं होतं ते आकड्यांसकट लिहा. वर्गात बहुतेकांनी मिक्सर, पंखा, इस्त्री घेतलीय. याने आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप घेतला. मी सोसायटीची खजिनदार आहे, पंपाला वेगळा सब-मीटर आहे आणि त्या पेटीची किल्ली माझ्याकडेच असते, त्यामुळे त्याला हवं तेव्हा रीडिंग घेता आलं.

त्याने जे मोजलं ते सगळं इथे देते, म्हणजे कुणाला काही विचारायची वेळ यायला नको.

इमारत पार्किंग अधिक सहा मजले. गच्चीवरच्या टाकीत जिथे पाइप उघडतो तिथून सुतळीला दगड बांधून खाली सोडला, मग ती सुतळी टेपने मोजली. त्यात खालच्या जमिनीतल्या टाकीतलं पाण्यापर्यंतचं अंतर मिळवलं. पंप चालू असताना खालची पातळी उतरत जाते, म्हणून सुरुवातीची आणि शेवटची पातळी घेऊन मधली धरली. एकूण उंची २६ मीटर. वरची टाकी आतून ४ मीटर लांब, २.५ मीटर रुंद. दुपारी आउटलेटचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप लावला, पाणी २ मीटर चढलं. म्हणजे २०,००० लिटर. वेळ लागला ५६ मिनिटं. मोटरच्या पट्टीवर ५ एचपी लिहिलंय. पाइप दोन इंची, जुना जीआय. सब-मीटरवर ४.१ युनिट पडले.

आता त्याचं गणित: २०,००० × ९.८ × २६ = ५०,९६,००० ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागलं तर १.४ युनिट येतात.

४.१ कुठे आणि १.४ कुठे! त्याचा मित्र म्हणाला, मीटर पळतोय. हा म्हणतो, मीटर बरोबर असेल तर सूत्र चुकलंय, कारण ऊर्जा नष्ट होत नाही असं त्याच धड्यात लिहिलंय, मग २.७ युनिट कुठे आहेत ते दाखवा. मी कॉमर्सची, विज्ञान दहावीनंतर सुटलं. मला त्याला ‘असंच असतं’ सांगून गप्प करायचं नाहीये.

आणखी एक. दप्तर हातात धरून नुसतं उभं राहिलं तर कार्य शून्य, असं धड्यात आहे. तो विचारतो, मग हात का दुखतात? याचंही उत्तर कुणी दिलं तर बरं होईल.

पेठकर

कार्यक्षमता कमी आहे, बाकी काही नाही. ‘घर्षणामुळे ऊर्जा वाया गेली’ असं एक वाक्य लिहायला सांगा, पूर्ण मार्क मिळतील.

निवृत्त_विज्ञानशिक्षक

पेठकर, मार्क मिळतील, मान्य. पण त्या मुलाने मार्कांचं विचारलेलंच नाही. त्याने विचारलंय की २.७ युनिट कुठे आहेत ते दाखवा. आयुष्यभर नववी-दहावीला हा धडा शिकवला, आणि ‘घर्षणाने वाया’ या वाक्यावर थांबणारी शेकडो उत्तरं तपासली. जिथे विज्ञान सुरू होतं नेमकं तिथे ते वाक्य दार लावून घेतं. वाया म्हणजे कुठे, कोणत्या भागात, किती ज्यूल? हे विचारायची सवय नववीत लागली तर पुढचं भौतिकशास्त्र सोपं जातं.

ताई, तुमच्या मुलाने मोजमाप फार नीट केलंय. खालची पातळी उतरते हे ध्यानात ठेवून मधली पातळी धरली, हे पाहून मला मनापासून आनंद झाला. उंची पाइपच्या तोंडापर्यंत घेतली तेही बरोबर. पुष्कळ जण टाकीच्या तळापर्यंत घेतात, पण पाणी तर तोंडापर्यंत चढवावंच लागतं, मग ते खाली कितीही पडो.

सूत्रही बरोबर आहे आणि मीटरही. दोन्ही वेगवेगळ्या जागचे आकडे आहेत इतकंच. मीटर सांगतो मोटरने तारेतून किती घेतलं. सूत्र सांगतं वर पोचलेल्या पाण्याच्या वाट्याला किती आलं. मध्ये मोटर आहे, तिचा शाफ्ट म्हणजे फिरता दांडा आहे, पंपातला इंपेलर म्हणजे पाणी ढकलणारं फिरतं चाक आहे, मग पाइप. प्रत्येक सांध्यावर काहीतरी गळतं. आपण एकेक सांधा तपासू.

युनिट बाजूला ठेवा, एका लिटरचा हिशेब करा. आकडे लहान होतात आणि मुलांना पकडता येतात. ४.१ युनिट म्हणजे १,४७,६०,००० ज्यूल. २०,००० लिटरने भागा: लिटरमागे मोटरने घेतले ७३८ ज्यूल. उंचीपायी पाण्याला मिळाले ९.८ × २६, म्हणजे २५५. तर लिटरमागे ४८३ ज्यूल शोधायचे आहेत.

पहिला संशय मुलं नेहमी वेगावर घेतात. वर पाणी धो-धो पडताना दिसतं ना, म्हणून वाटतं की ऊर्जा तिथेच गेली. करून बघू. ५६ मिनिटं म्हणजे ३,३६० सेकंद, तेव्हा सेकंदाला जवळपास ६ लिटर. दोन इंची पाइपातून एवढं पाणी जायला वेग साधारण ३ मीटर प्रतिसेकंद लागतो. गतिज ऊर्जा: अर्धा × १ × ९ = ४.५ ज्यूल. बस्स. ४८३ पैकी साडेचार. हा आकडा मुलाला स्वतःला काढू द्या. एवढ्या जोराच्या धारेत एवढीच गतिज ऊर्जा आहे, यावर आधी त्याचा विश्वास बसणार नाही.

दुसरा सांधा मोटर. पट्टीवरचे ५ एचपी म्हणजे मोटर शाफ्टवर देते ती शक्ती, तारेतून घेते ती नव्हे. १ एचपी ७४६ वॅट, तर ५ एचपी ३,७३० वॅट. गुणिले ३,३६० सेकंद, भागिले २०,०००: लिटरमागे शाफ्टवर ६२७ ज्यूल. म्हणजे ७३८ मधले १११ मोटरच्या आतच राहिले. मोटर पूर्ण भाराने चालतेय असं इथे धरलंय. पॅनेलवर अँपिअरचा काटा असेल तर तो पट्टीवरच्या आकड्याशी ताडून बघा.

राहिले ६२७ वजा २५५ वजा साडेचार, म्हणजे ३६७ च्या आसपास. ते पंप आणि पाइप या दोघांनी मिळून घेतलेत. कुणी किती, याची फोड करायला पाइपातला दाब मोजावा लागेल.

वाइंडिंगवाला_बुधवार_पेठ

मास्तर, दाब मोजायचा तर सोपं आहे. ताई, पंपातून वर जाणाऱ्या पाइपवर गोल घड्याळासारखा प्रेशर गेज आहे का बघा. पाच एचपीच्या पंपावर बऱ्याच सोसायट्यांत बसवलेला असतो, फक्त कुणी बघत नाही. काच पुसा. एनआरव्हीच्या, म्हणजे पाणी उलटं परत येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हच्या, वरच्या बाजूला असेल तर काम झालं. पंप बंद असताना काटा कुठे आहे ते लिहा, चालू करून पाचेक मिनिटांनी कुठे आहे ते लिहा. बंद असतानाचा दाब उभ्या पाण्याच्या वजनाचा. चालू असताना जो जास्तीचा दाखवेल तो पाइपाने खाल्लेला.

मुलाला मोटरला हातही लावायला सांगा, पण पंप तासभर चालून बंद झाल्यावर, मेन स्विच खाली करून, आणि तुम्ही शेजारी असताना. बॉडी चांगली गरम लागेल. मास्तरांनी काढलेले १११ ज्यूल ते हेच. तांब्याच्या वाइंडिंगमधून करंट जातो त्याची गरमी, लोखंडी पत्र्यांच्या कोअरमध्ये चुंबकत्व सारखं उलटंपालटं होतं त्याची गरमी, आणि बेअरिंग व मागचा पंखा यांचं थोडंफार. मागचा पंखा त्यासाठीच असतो, ही गरमी बाहेर फेकायला. तो जाळीत कचरा अडकून बंद पडला की मोटर आमच्याकडे जळून येते.

पंपाचं म्हणाल तर उघडल्याशिवाय सांगता येत नाही. इंपेलर झिजला की त्याच्या आणि केसिंगच्या, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाच्या, मधल्या फटीतून पाणी परत मागे फिरतं. तेच पाणी पुन्हा पुन्हा ढकललं जातं, मीटर पडतो आणि वर काही जात नाही. टँकरच्या पाण्यात बारीक रेती येते, ती इंपेलर खाते. फूट व्हॉल्व्हच्या, म्हणजे खालच्या टाकीत ओढ-पाइपाच्या टोकाला असतो त्या व्हॉल्व्हच्या, जाळीत गाळ बसला तरी पंप धापा टाकतो.

जीवशास्त्र_शिकवते

दप्तराचं मी सांगते.

भिंतीवरची खुंटी दप्तर दिवसभर धरून ठेवते आणि तिला काहीच लागत नाही, कारण बल आहे पण विस्थापन नाही. हातालाही दप्तरावर कार्य करावं लागत नाही; धडा म्हणतो ते खरंच आहे. पण स्नायू खुंटीसारखा एकदा ताणून अडकवून ठेवता येत नाही. त्याच्या आत मायोसिन या प्रथिनाची सूक्ष्म डोकी ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्यांना धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. हात बाहेरून स्तब्ध दिसत असला तरी आत ही ओढाताण अखंड चालू असते आणि प्रत्येक फेरीला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन, खर्च होतं. ऊर्जा अन्नातून येते आणि उष्णता होऊन अंगातून बाहेर जाते. दप्तराला त्यातला एक ज्यूलही मिळत नाही. म्हणून हात दुखतात आणि कार्यही शून्यच.

हे पटायला त्याला पर्वतीवर न्या. पायऱ्या १०३ आहेत. एका पायरीची उंची पट्टीने मोजायची, सगळ्या सारख्या नाहीत तेव्हा पाच-सहा मोजून सरासरी घ्यायची, आणि स्वतःच्या वजनाने एमजीएच (किलोतलं वजन × ९.८ × उंची) काढायचं. चढताना शरीराने गुरुत्वाविरुद्ध केलेलं कार्य ते. मग उतरताना विचारायचं, आता ती स्थितिज ऊर्जा कुठे चाललीय? वेग तर वाढत नाहीये. मांडीचे स्नायू ताणले जाता जाता ब्रेक लावत असतात आणि ती ऊर्जा त्यांच्यातच उष्णता होते. सवय नसलेल्याला गड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, त्याचं मूळ या ब्रेक लावण्यात आहे.

खाण्याशीही जोडता येईल. तुमच्याच इमारतीचे २६ मीटर घ्या. ४५ किलोच्या मुलाला तेवढं चढायला ११,४६६ ज्यूल, म्हणजे पावणेतीन किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के धरली तर अन्नातून ११ ते १४ किलोकॅलरी जातात. एका लहान ग्लुकोज बिस्किटात साधारण २५ असतात. सगळी इमारत जिन्याने चढायला अर्धं बिस्किट पुरतं. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलं पटकन वहीत गणित पडताळायला लागतात.

कर्वेनगरची_आई

सगळ्यांचे खूप आभार. गेज निघाला! पंपाच्या खोलीत कोपऱ्यात आहे, काच हिरवी झाली होती, वॉचमनकाकांनी ओल्या फडक्याने पुसून दिली. एनआरव्हीच्या वरच आहे. पंप बंद असताना काटा २.४ वर, चालू असताना ३.५ वर. त्यावर किलो प्रति चौरस सेंटिमीटर असं छापलंय. पॅनेलवरचा अँपिअरचा काटा ७.३ दाखवतो, मोटरच्या पट्टीवर ७.५ आहे.

मुलाचा प्रश्न: उंची २६ मीटर आहे तर बंद असताना २.६ का नाही आलं?

निवृत्त_विज्ञानशिक्षक

वा, चांगलं विचारलंय. गेज जिथे बसवलाय तिथून वरच्या तोंडापर्यंत जेवढं पाणी उभं आहे तेवढ्याचंच वजन त्याला कळतं. १० मीटर पाण्याचा दाब सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. २.४ म्हणजे गेजच्या वर २४ मीटर पाणी उभं आहे. उरलेले २ मीटर गेजच्या खाली, जमिनीतल्या टाकीच्या पातळीपर्यंतचे. टेप लावून बघायला सांगा, तेवढेच निघतील.

अँपिअर ७.३ म्हणजे मोटर जवळजवळ पूर्ण भाराने चालतेय, तेव्हा शाफ्टचे ६२७ ज्यूल धरायला हरकत नाही.

आता फोड. पंप चालू केल्यावर दाब १.१ ने वाढला, म्हणजे ११ मीटर. पाणी चढतं २६ मीटर, पण पंपाला मात्र पाइपाच्या खरखरीत भिंती आणि कोपरे यांच्यापायी आणखी ११ मीटर चढवल्याइतका जोर लावावा लागतो. खालच्या बाजूचा ओढ-पाइप आणि फूट व्हॉल्व्ह यांचा एक मीटर धरू. झाले १२ मीटर. ९.८ ने गुणा: ११८ ज्यूल पाइपाने घेतले. ३६७ मधून ते वजा केले की पंपाकडे राहतात २४९.

तर एका लिटरमागे, मुलाने वहीत असं लिहावं: मोटरने तारेतून घेतले ७३८. त्यातले मोटरमध्ये उष्णता झाले १११. पंपाच्या आत घुसळण, परत फिरणारं पाणी आणि घासण यात २४९. पाइपात ११८. वेगापायी साडेचार. आणि उंचीसाठी २५५. बेरीज करून बघू दे. ज्यूलभर इकडेतिकडे होईल, तेवढं आपण आकडे गोल केल्यामुळे. सगळ्या साखळीची कार्यक्षमता २५५ भागिले ७३८, म्हणजे ३५ टक्क्यांच्या जवळ. एकट्या पंपाची ६० टक्के. या आकाराच्या, काही वर्षं वापरलेल्या पंपाला हे वाईट नाही.

सगळ्यात मोठा चोर पंप निघाला. पेठकरांच्या वाक्यातून हे कधीच कळलं नसतं.

आता तो पुढे विचारेल, आणि त्याने विचारावंच: पंपात आणि पाइपात गेलेल्या ३६७ ज्यूलचं झालं काय? ते जवळजवळ सगळे पाण्यातच आहेत. पाणी तेवढं गरम झालं. किती? एक लिटर पाणी १ अंश सेल्सियसने तापवायला ४,१८६ ज्यूल लागतात. ३६७ ने तापेल ०.०९ अंश. घरातल्या ताप मोजायच्या थर्मामीटरला हे दिसणारही नाही, आणि म्हणूनच ती ऊर्जा नाहीशी झाली असं वाटतं.

हेच न दिसणारं पकडायला जेम्स प्रेस्कॉट ज्यूल वर्षानुवर्षं झटला. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा, घरचा बिअर बनवण्याचा कारखाना. त्याने पाण्याच्या भांड्यात वल्ह्यांची फिरकी बसवली, फिरकीला दोरी गुंडाळली आणि दोरीला वजनं बांधून ती खाली पडू दिली. वजनं पडतात, फिरकी पाणी घुसळते, पाणी तापतं. एकदा पाडून तापमानात काहीच कळत नाही, म्हणून वजनं पुन्हा वर गुंडाळून पुन्हा पाडायची, असं करत राहायचं. तरी वाढ अंशाच्या लहानशा भागाएवढीच. त्यातून त्याने १८५० मध्ये आकडा प्रसिद्ध केला: एक पौंड पाणी १ अंश फॅरनहाइटने तापवायला ७७२ फूट-पौंड कार्य लागतं. पुढे १८७८ मध्ये सुधारून ७७२.५५. तो आकडा त्याच्या थडग्यावर कोरलेला आहे. पाठ्यपुस्तकात ज्यूल हे फक्त एकक म्हणून येतं, त्या माणसाने पाणी घुसळून काय सोसलं ते येत नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

तुमचा पंप रोज ज्यूलचाच प्रयोग करतो. मुलाला हे एवढं नक्की सांगा.

दहावी_ब

सर, मी दहावीला आहे. प्रश्न जरा वेगळा आहे पण इथेच विचारतो. ऊर्जा जर कुठेच जात नाही, पाण्यात तशीच आहे, तर ‘ऊर्जा वाचवा’ का म्हणतात? संपतच नाही तर वाचवायचं काय?

निवृत्त_विज्ञानशिक्षक

हा प्रश्न दहावीत पडला पाहिजे आणि तुला पडला, शाब्बास.

वरचाच हिशेब घे. २०,००० लिटर पाण्यात लिटरमागे ३६७ ज्यूल उष्णता मुरली, म्हणजे एकूण ७३ लाख ज्यूल, दोन युनिटांहून थोडी जास्त. दोन युनिट वीज हातात असेल तर १० वॅटचा एलईडी दिवा २०० तास जळतो. पण ०.०९ अंशाने तापलेल्या पाण्यातून तू एक दिवा एक मिनिटसुद्धा लावू शकणार नाहीस. ऊर्जा आहे तेवढीच आहे, फक्त इतकी पसरलीय की तिच्याकडून पुन्हा काम करून घेणं अशक्य झालंय. उष्णतेतून काम काढायला तापमानात फरक लागतो, आणि इथे आसपासच्यापेक्षा फरकच उरला नाही. ‘वाचवा’ म्हणतात ते या काम करून घेण्याच्या कुवतीला.

वर चढलेल्या पाण्याचं तसं नाही. ते २५५ ज्यूल एका जागी गोळा होऊन बसलेत आणि पुष्कळसे परत मिळू शकतात. लोणावळा, वळवण, शिरोटा इथल्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला टाटांच्या वीजघरात उतरतं, १९१५ पासून. उंची सुमारे ५०० मीटर. लिटरमागे ४,९०० ज्यूल. मोठं जलटर्बाइन आणि जनित्र मिळून यातले साधारण ८५ ते ९० टक्के विजेत बदलतात. पण विसरू नकोस, उंचीची ऊर्जा उष्णतेपुढे फार लहान असते. २५ अंशाचं एक लिटर पाणी उकळीला न्यायला ३,१४,००० ज्यूल लागतात. एक लिटर चहाचं आधण ठेवायला घाटावरून चौसष्ट लिटर पाणी खाली सोडावं लागेल, तेही काहीच न गळता.

आणि हेच उलटंही करतात. मागणी कमी असेल तेव्हा जास्तीच्या विजेने खालचं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की सोडायचं. याला उदंचन जलविद्युत म्हणतात. घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प आहे, भिरा इथे १५० मेगावॅटचा संच आहे. जाऊन-येऊन ७० ते ८० टक्के ऊर्जा परत मिळते. ताईंच्या पंपाचे ३५ टक्के तर नुसते चढवायचेच होते. एवढा फरक का? यंत्र मोठं, त्यात फटी त्या मानाने बारीक, पाइप प्रचंड रुंद आणि पाण्याचा वेग बेताचा. रुंद पाइप ही गोष्ट लक्षात ठेव.

भिऱ्याचं नाव घेतलं म्हणून एक सांगतो. तिथे उतरतं ते पाणी मुळशीचं. त्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या, १९२१ ला तिथे सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यापासून सेनापती म्हणून ओळखले जाऊ लागले. एमजीएचमधला एच कुणाच्या तरी खोऱ्यातून आलेला असतो, हे मी वर्गात दरवर्षी सांगत आलो.

कर्वेनगरची_आई

प्रकल्प लिहून झाला. लिटरमागचा हिशेब त्याने आडव्या पट्टीत काढलाय, प्रत्येक भागाला वेगळा रंग दिलाय. सर, वेगाचे साडेचार ज्यूल काढायला रंगाची रेघही मावेना, म्हणून बाण दाखवून बाहेर लिहिलंय.

आता प्रश्न माझा, खजिनदार म्हणून. पाइपाने ११८ ज्यूल खाल्ले हे वाचल्यावर कमिटीत विषय निघालाय की जुना दोन इंची काढून अडीच इंची टाकू. फायदा होईल का?

वाइंडिंगवाला_बुधवार_पेठ

ताई, होईल, पण नुसता पाइप बदलाल तर फसाल. नीट वाचा.

तेवढंच पाणी तेवढ्याच वेळात न्यायचं असेल तर दोनाचा अडीच इंची केल्यावर पाइप घर्षणात खातो तो दाब जवळपास एक तृतीयांशावर येतो. तुमच्या १२ मीटरचे ४ होतील. इथपर्यंत सगळे बरोबर सांगतात. पण तुमचा पंप सेंट्रिफ्यूगल आहे, त्याला ठरावीक पाणी फेकायची सवय नाही. समोरचा अडथळा कमी झाला की तो जास्त पाणी फेकतो, आणि जास्त पाणी फेकताना मोटरवर भार वाढतो. आज तुमचा काटा ७.३ वर आहे, पट्टी ७.५ ची. नवा पाइप टाकून हाच पंप चालू केलात तर काटा पट्टीच्या वर जाईल, ओव्हरलोड रिले (भार वाढला की मोटर बंद करतो तो) ट्रिप मारेल. मग कुणीतरी येऊन रिले वर सेट करून देईल आणि उन्हाळ्यात मोटर जळेल. असल्या मोटरी माझ्याकडे येतात. नाहीतर गेट व्हॉल्व्ह अर्धा बंद करून भार कमी करतात, म्हणजे पाइपात वाचवलेलं व्हॉल्व्हमध्ये घालवायचं.

पाइप बदलाल तेव्हा पंपही लहान घ्या. ३ एचपी, आणि घेताना दुकानदाराला एचपी नका सांगू, हेड, म्हणजे पाइपातला तोटा धरून पाणी चढवायची उंची, सांगा: २८ ते ३० मीटर, आणि पाणी सेकंदाला साडेचार लिटर. त्याच्याकडे कंपनीचा तक्ता असतो, त्यात ज्या मॉडेलची कार्यक्षमता या जागी सगळ्यात जास्त असेल तेच घ्या. ७० मीटर हेडचा पंप ‘जास्त जोराचा’ म्हणून गळ्यात मारतील, तो नको. पाणी हळू जाईल, टाकी भरायला सव्वा तास लागेल, आणि माझ्या अंदाजाने ४.१ च्या जागी ३ युनिटच्या आसपास पडेल. वेळ जास्त, युनिट कमी. कमिटीत हे कुणाला आधी पटणार नाही, तेव्हा मुलाला घेऊन जा आणि त्याला पाइपातला वेग परत काढून दाखवू दे. वेग कमी झाला की पाइपातला हा तोटा वेगाच्या वर्गाने कमी होतो.

बदलण्याआधी एक स्वस्तातलं काम करा. फूट व्हॉल्व्ह काढून जाळी धुवा आणि पुन्हा ५६ मिनिटांत पाणी किती चढतं ते मोजा. जाळी धुतल्यावर पाणी आपोआप जास्त चढायला लागलं असं मी बरेचदा बघितलंय. चढलं तर मला आकडा इथे टाका, आणि सोबत अँपिअरचाही.